स्पार्क प्लग कधी बदलायचे, कसे बदलायचे, आणि कॉइलचा खर्च करण्याआधी काय तपासायचं

अमळनेरच्या एका भाऊंनी विचारलंय: तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी, कंपनीचाच सीएनजी, 2018 चं मॉडेल, 58,000 किलोमीटर झालेली. चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना तिसऱ्या गिअरला हिसके देते. पेट्रोलवर टाकली की बरी चालते. मेकॅनिकने प्लग आणि तिन्ही कॉइल बदलायला सांगितलंय. प्लग खरंच गेले असतील का, ते किती किलोमीटरला बदलतात, आणि घरी बदलता येतात का?

भाऊ, अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. गॅसवर हिसके, पेट्रोलवर ठीक, आणि तेही चढावर. ठिणगी कमजोर पडल्याचं याहून स्पष्ट लक्षण सापडत नाही. पण म्हणून तीन कॉइल एकदम घेऊ नका. आधी प्लग काढा, ते नीट बघा, नवे टाका आणि त्याच घाटात गाडी चढवून पाहा. कॉइलचा निर्णय त्यानंतर.

कारण समजून घ्या, म्हणजे कुणी काही सांगितलं तरी तुम्हाला पडताळता येईल. कॉइल बॅटरीच्या 12 व्होल्टचे वीस-पंचवीस हजार व्होल्ट करते. त्या जोरावर प्लगच्या टोकाशी असलेली एक मिलिमीटरच्या आसपासची फट ओलांडून ठिणगी उडते. सिलिंडरमधला दाब वाढला की तीच फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. चढावर तिसऱ्या गिअरला तुम्ही पाय दाबता तेव्हा सिलिंडर भरून हवा आत जाते आणि दाब वाढतो. सपाट रस्त्यावर, धुळे-जळगाव हायवेला ऐंशीने निघालात तर हा दाब तेवढा नसतो, म्हणून तिथे गाडी काही बोलत नाही. त्यात सीएनजी पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो. आणि प्लग जुना झाला की टोकं झिजून फट रुंद झालेली असते, ती वेगळंच मागते. घाट, गॅस आणि झिजलेला प्लग या तिन्ही गोष्टी एका जागी आल्या की कॉइल पुरी पडत नाही. मग मधूनच एखादी ठिणगी चुकते आणि आपल्याला हिसका बसतो.

हीच अवस्था महिनोन्महिने चालू ठेवली तर कॉइल खरोखरच जाते. प्रत्येक ठिणगीला तिला जास्त ताकद लावावी लागते, आतलं इन्सुलेशन तापतं आणि फुटतं. साधा प्लग शे-दोनशे रुपयांत येतो, कॉइल त्याच्या दसपट तरी. प्लग वेळेवर बदला असं मी गिऱ्हाइकाला सारखं सांगतो ते यासाठीच.

आता किलोमीटर. सगळ्या गाड्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही, कारण टोकाला कुठला धातू आहे यावर सगळं ठरतं. साधे निकेलचे प्लग कंपन्या साधारण 20,000 ते 40,000 किलोमीटरमध्ये बदलायला सांगतात. प्लॅटिनम आणि इरिडियमचे 80,000 ते 1,00,000 पर्यंत चालतात. निकेल 1,455 अंशाला वितळतो, इरिडियम 2,400 अंशांच्याही वर. त्यामुळे इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं आणि तरी ते लवकर झिजत नाही. तुमच्या गाडीत कुठले आहेत ते मॅन्युअलच्या मेंटेनन्स तक्त्यात लिहिलेलं असतं. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून असतं, एकदा उघडून बघा.

40,000 किलोमीटर म्हणजे प्लगच्या दृष्टीने किती काम? साठच्या वेगाला इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे फिरतंय असं धरा. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एक ठिणगी. म्हणजे प्रत्येक प्लगला किलोमीटरमागे साडेबाराशे ठिणग्या, आणि 40,000 किलोमीटरला पाच कोटी. प्रत्येक ठिणगीसोबत टोकाचा कण निघून जातो.

त्या तक्त्यातला आकडा आपल्याकडे तसाच्या तसा धरू नका, असं मी सांगतो. पहिलं कारण सीएनजी. गॅसच्या गाडीला निकेल प्लग असतील तर मी 20,000 ला काढून बघतो आणि 30,000 च्या पुढे जाऊ देत नाही. दुसरं कारण उभी गाडी चालू ठेवण्याची सवय. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि बाजार समितीसमोर एसी लावून लोक अर्धा-अर्धा तास थांबतात. मीटरवर एक किलोमीटरही पडत नाही, पण प्लगचं काम चालूच असतं. तिसरं, अगदी उलटं कारण म्हणजे छोट्या फेऱ्या. घरून स्टँडवर, स्टँडवरून शेतात, शेतातून घरी. प्लगचं टोक साधारण 450-500 अंशांवर तापलं तर त्यावरची काजळी आपोआप जळून साफ होते. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते तेवढं तापतच नाही आणि काजळी साचत जाते. अशा गाडीला आठवड्यातून एकदा पारोळा किंवा धरणगावपर्यंत मोकळी पळवून आणा, बराच फरक पडतो.

तुमची गाडी 58,000 झाली आहे. प्लग निकेलचे आणि कंपनीतूनच आलेले असतील तर ते केव्हाच बदलायला हवे होते. आधी कुणी बदलले असतील तर बिल शोधा, कुठले टाकले ते त्यावर असेल.

प्लग खराब झाल्याची बाकी लक्षणं तुम्हाला माहीत असतील: सकाळी सेल्फ लांबत जाणं, उभ्या गाडीत थरथर, पिकअप मरणं, अ‍ॅव्हरेज घसरणं. पण यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कारणानेही येतं. आपल्या मातीत तर एअर फिल्टर आधी बघायचा. काळ्या जमिनीच्या गाडरस्त्याने रोज जाणारी गाडी, किंवा जिनिंगच्या आवारात उभी राहणारी, तिचा फिल्टर ठरलेल्या मुदतीच्या निम्म्यातच भरतो. अ‍ॅव्हरेज थोडं कमी झालं असेल तर लगेच प्लगवर आळ घेऊ नका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे काही टक्के फरक त्यानेच पडतो. पावसाळ्यात किंवा वॉशिंग सेंटरवर इंजिन धुतल्यावर लगेच मिसिंग (मधूनच ठिणगी चुकणं) सुरू झालं असेल तर प्लगच्या होलमध्ये पाणी उतरलंय, ते सुकवा. आणि गाडी शेतातल्या शेडमध्ये, कडब्याजवळ उभी राहत असेल तर बॉनेट उघडून पहिल्यांदा वायरी तपासा. उंदीर कॉइलच्या वायरी कुरतडतात आणि लोक प्लग बदलत बसतात.

एक लक्षण मात्र कधीच टाळू नका. चेक इंजिनचा दिवा चालू गाडीत लुकलुकायला लागला तर लगेच पाय उचला. दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकणं म्हणजे जोराचं मिसफायर. न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि तो वितळतो. त्याच्या किमतीत आयुष्यभराचे प्लग येतील.

डिझेलवाल्यांसाठी एका वाक्यात: डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो, तिला ग्लो प्लग असतात, आणि त्यांचं काम मुख्यतः सुरू करतानाचं.

आता घरी बदलण्याचं. येतात, आणि तुमच्या गाडीसारख्या सरळ बसवलेल्या इंजिनात प्लग वरूनच हाताशी येतात. एक वेळ, एक पाना आणि धीर एवढं हवं. गडबड होते ती नेहमी काढताना आणि आटे लावताना, म्हणून तिथे मी जरा सविस्तर सांगतो.

इंजिन पूर्ण थंड हवं. हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतात तो इंजिनचा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं आहे, प्लगचे आटे लोखंडी. गरम इंजिनात प्लग ओढला तर मऊ अ‍ॅल्युमिनियमचे आटे सोबत निघून येतात, आणि मग हेडला हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवण्यावाचून इलाज राहत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी इंजिन तासन् तास थंड होत नाही, तेव्हा हे काम पहाटे, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर करा. इग्निशन बंद, चावी काढलेली, बॅटरीची निगेटिव्ह सुटी. सीएनजीच्या गाडीत गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि बिडी-सिगारेट लांब ठेवा.

कॉइलच्या कनेक्टरची कळ दाबून तो सोडवा. कळ इंजिनच्या उष्णतेने ठिसूळ झालेली असते, ओढाताण केली तर तुटते. बहुतेक गाड्यांत कॉइलला 10 चा बोल्ट असतो. तो काढून कॉइल थोडी डावी-उजवी फिरवा आणि सरळ वर उचला. खाली रबराच्या बूटवर तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) सील गेलंय. ते सील बदलल्याशिवाय नवा प्लगही त्याच तेलात बसेल.

आता जी पायरी लोक हमखास सोडतात ती. कॉइल निघाली की आत टॉर्च मारून बघा. प्लगच्या भोवती बारीक माती, कापसाचे तंतू, कधी खडेही दिसतील. प्लग तसाच सोडवला तर हे सगळं थेट सिलिंडरमध्ये पडतं आणि पिस्टनसोबत बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, घासतं. हवा मारून होल साफ करा. गावात कॉम्प्रेसर नसेल तर टायरच्या पंपाला ठिबकची मायक्रोट्यूब जोडा, ती खोल होलमध्ये बुडापर्यंत पोचते. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा ठेवा, माती उलटी तोंडावरच येते.

प्लग पाना बरोबर मापाचा हवा. सध्याच्या बऱ्याच गाड्यांना 16 मिलिमीटरचा लागतो, जुन्या 800-ओम्नीला 21 चा, काही नव्या इंजिनांना 14 चा. आत रबर किंवा चुंबक असलेला घ्या, म्हणजे प्लग निसटत नाही. पाना सरळ उभा ठेवा. तिरपा जोर लागला की प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला तडा जातो, तो बाहेरून दिसत नाही आणि नंतर मिसिंग देत राहतो. पाव फेरा सैल केला आणि पुढे फारच कठीण जातंय असं वाटलं तर तिथे थांबा. थोडं गंज सोडवणारं तेल सोडा, अर्धा तास वाट बघा, आणि मग थोडं मागे, थोडं पुढे असं करत काढा.

एकेक प्लग काढाल तसा ओळीने ठेवा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते कागदावर लिहा. अमुक सिलिंडर म्हणजे तमुक प्लग असं गृहीतही धरू नका. होंडाच्या जुन्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरना आठ प्लग असायचे.

जुना प्लग हातात आला की तो टाकून द्यायची घाई करू नका. डॉक्टर जीभ बघतो तसा मी प्लग बघतो, कारण सिलिंडरच्या आत काय चाललंय ते सांगणारी दुसरी स्वस्त वस्तू नाही. चांगल्या प्लगचं नाक, म्हणजे मधल्या टोकाभोवतीची चिनी माती, फिकट तपकिरी किंवा राखाडी असतं. झिजलेल्या निकेल प्लगचं मधलं टोक सपाट न राहता कडेने गोल झालेलं असतं, आणि वरच्या वाकड्या पट्टीच्या खालच्या बाजूला खळगी पडलेली असते. बोटाने जाणवते ती. तुमच्या प्लगवर बहुधा हेच दिसेल.

कोरडी, पुसली जाणारी काजळी असेल तर इंधन जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय, एअर फिल्टरपासून सुरुवात करा. ओलसर, चिकट काळा थर तेलाचा असतो. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेलीत, प्लग बदलून तो आजार जाणार नाही. नाक पांढरंफटक, फोड आल्यासारखं, टोक वितळल्यासारखं दिसलं तर प्रकरण गंभीर आहे: प्लग जास्त तापतोय. चुकीची हीट रेंज (प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते माप) असलेला प्लग, कमी इंधन किंवा बिघडलेलं टायमिंग यांपैकी काहीतरी आहे, आणि अशी गाडी चालवत राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. तीनपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर त्याच सिलिंडरमध्ये दोष शोधा.

चिनी मातीवर, धातूच्या कडेला लागून तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नका. तो उच्च व्होल्टेजमुळे चिकटलेल्या धुळीचा डाग आहे, गळती नाही. पण त्याच पांढऱ्या भागावर उभी काळी रेघ असेल तर ठिणगी बाहेरून पळतेय. तो प्लग तर बदलाच, शिवाय कॉइलचं रबरी बूट फाटलंय का तेही बघा. त्या बुटात रेघ दिसली आणि बूट सुटं मिळत असेल तर तेवढंच बदलून काम भागतं.

जुने प्लग पॉलिश पेपरने घासून किंवा गॅसवर लाल करून परत टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. गोल झालेलं टोक घासून परत येत नाही आणि कागदाचे कण नाकाच्या खोबणीत अडकून राहतात. इरिडियमला तर पेपर किंवा तारेचा ब्रश लावूच नका, बारीक टोक तुटतं. तसंच प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून ठिणगी बघायची जुनी सवय कॉइल-ऑन-प्लगच्या (प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉइल असलेल्या) गाड्यांत सोडून द्या. कॉइल आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) दोघांनाही ते झेपत नाही, आणि गॅसच्या गाडीत ते धोक्याचं आहे.

नवा प्लग घेताना मॅन्युअलमधला पूर्ण नंबर जुळवा, एक अक्षरही इकडचं तिकडे नको. उदाहरणार्थ एनजीकेच्या बीपीआर6ईएस-11 या नंबरात बी म्हणजे 14 मिलिमीटरचे आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, 6 ही हीट रेंज, ई म्हणजे 19 मिलिमीटर लांबीचे आटे, आणि शेवटचे 11 म्हणजे 1.1 मिलिमीटर गॅप, टोकाची ती फट. लांबी चुकली तर प्लग पिस्टनला लागू शकतो. रेझिस्टर नसलेला टाकला तर रेडिओत खरखर येते आणि ईसीयूचे सेन्सरही भांबावतात. हीट रेंजच्या बाबतीत एनजीके आणि डेन्सोचा मोठा आकडा म्हणजे थंड, उष्णता लवकर बाहेर टाकणारा प्लग, बॉशचा मोठा आकडा म्हणजे गरम. ब्रँड बदलताना लोक इथेच फसतात.

बाजारात नकली प्लगही फिरतात. छपाई पुसट, आट्यांची धार ओबडधोबड, वॉशर सहज हातात निघून येणारा, मधलं टोक एका बाजूला सरकलेलं, असं काही दिसलं तर घेऊ नका. घरी मल्टिमीटर असेल तर रेझिस्टरवाल्या प्लगच्या दोन टोकांमध्ये मोजा, साधारण 5 किलोओहमच्या आसपास आलं पाहिजे. बिल घ्या, डबा जपून ठेवा.

गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. कमी-जास्त करायचा तर फक्त बाहेरची पट्टी हलकेच वाकवा, मधल्या टोकावर काहीही टेकवू नका. तुमच्यासारख्या कंपनीच्या सीएनजीला मॅन्युअलमधलाच गॅप ठेवा. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत गॅप थोडा कमी, 0.7-0.8 च्या आसपास ठेवला की गॅसवरची तक्रार बऱ्याचदा कमी होते.

बसवताना आधी पाना नको. प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल असा रबरी पेट्रोल पाइपाचा तुकडा चढवा आणि त्याने प्लग आत सोडा. आधी उलटा फिरवा. आट्याला आटा मिळाला की बारीकसा टक् असा धक्का बोटांना लागतो. तिथून सुलटा फिरवायचा. आटा वाकडा लागला असेल तर रबर हातातच घसरतं, प्लग पुढे जात नाही, आणि हेड वाचतं. पान्याने सुरुवात केली असती तर तोच वाकडा आटा जोराने कापत आत गेला असता. बोटांनी पूर्ण बसल्यावरच पाना लावा. नव्या वॉशरवाल्या 14 मिलिमीटरच्या प्लगला तिथून अर्धा फेरा, फार तर थोडा अधिक. टॉर्क पाना असेल तर अ‍ॅल्युमिनियम हेडला 25 ते 30 न्यूटन मीटर, 12 मिलिमीटरच्या प्लगला 15 ते 20. तोच प्लग काढून परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा अगदी थोडं, घड्याळाच्या एका तासाएवढं फिरवलं की पुरे. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका. नव्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो. वरून ऑइल लावलं की तेवढ्याच जोरात प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो.

कॉइल परत बसवताना बुटाच्या आतल्या कडेला थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी रबर चिकटणार नाही. कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत दाबा. तिन्ही प्लग एकाच वेळी बदला.

मग गाडी आधी पेट्रोलवर सुरू करा, गरम होऊ द्या, गॅसवर टाका आणि त्याच घाटात, त्याच गिअरला चढवा. हिसके गेले तर कॉइलचा विषय तिथेच संपला. राहिले तर स्कॅनर लावून ईसीयूने नोंदवलेला दोषाचा कोड बघा. पी0301 म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसफायर, पी0302 दुसऱ्याचं, पी0303 तिसऱ्याचं. समजा दुसऱ्याचं निघालं. दुसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, पुन्हा घाट चढा. कोड पहिल्या सिलिंडरवर आला तर ती एक कॉइल गेलीय, तेवढीच घ्या. कोड दुसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष आहे. मग इंजेक्टर, कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) तपासायचा. गॅसवर बरंच चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह आपली सीट झिजवून आत बसतो आणि क्लिअरन्स कमी होतो, तो आधी मोजा.